आगीनंतरची हवा कोणी, कुठे आणि किती दिवस मोजायची?

वाचकांचे प्रश्न

बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागांतून या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत. कारखान्याला किंवा गोदामाला आग लागते, बंब येतात, आग विझते, वर्तमानपत्रात नुकसानीचा आकडा छापून येतो. पण शेजारच्या वस्तीच्या श्वासात त्या काळात काय गेले, याची नोंद कुठेच सापडत नाही. म्हणून हे पान त्याच विषयाला दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची आणि कारखान्यांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या एका कारखान्याला संध्याकाळी आग लागली आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास रात्रभर गावात कोंडून राहिला. सासूबाईंना धाप लागली, मुलांचे डोळे चुरचुरत होते. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर पाहिले, तर बेळगावची हवा ‘मध्यम’ असल्याचे दिसले. यंत्र चुकीचे दाखवते, की आम्हीच उगाच घाबरलो? (एक गृहिणी, बेळगाव तालुक्याचा पश्चिम भाग)

उत्तर : आपण उगाच घाबरला नाहीत आणि यंत्रही बहुधा बरोबरच असेल. मात्र ते ज्या ठिकाणची, ज्या कालावधीची आणि ज्या पदार्थांची हवा मोजत होते, ती आपल्या घरातली हवा नव्हती.

आधी कालावधी पाहू. आपल्या देशात २०१५ पासून वापरात असलेला हवा गुणवत्ता निर्देशांक धूलिकणांसाठी २४ तासांची सरासरी धरतो. समजा, पीएम २.५ या नावाने ओळखले जाणारे सूक्ष्म कण आपल्या अंगणात रात्री तीन तास दर घनमीटरला ४०० मायक्रोग्रॅम होते आणि उरलेले २१ तास ३० मायक्रोग्रॅम होते. या दिवसाची सरासरी सुमारे ७६ येते आणि निर्देशांकाच्या कोष्टकात ७६ हा आकडा ‘मध्यम’ याच वर्गात बसतो. आकडेमोडीत काहीही चूक नाही, पण दम्याच्या रुग्णाचा जीव कासावीस होतो तो त्या तीन तासांतच. तुलनेसाठी सांगायचे तर पीएम २.५ साठी भारताचे २४ तासांचे मानक ६० मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा १५ आहे. म्हणून आग लागली असेल त्या दिवशी निर्देशांकाचा रंग पाहून थांबू नये, तासातासाची मोजणी मागावी. स्वयंचलित केंद्रांचे असे आकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येतात.

दुसरा मुद्दा जागेचा. बेळगाव शहरातील स्वयंचलित केंद्र रामतीर्थनगरात आहे. आगीचा धूर सगळीकडे सारखा पसरत नाही. वारा ज्या दिशेला वाहतो त्या दिशेला त्याचा पट्टा तयार होतो आणि त्या पट्ट्याबाहेर अर्ध्या किलोमीटरवरही हवा स्वच्छ असू शकते. त्यात उंचीचा प्रश्न असतो. आग भडकलेली असते तेव्हा तापलेला धूर उंच चढतो आणि लांबून भयंकर दिसतो, तरी जवळच्या वस्तीत त्या मानाने कमी उतरतो. डिसेंबर २००५ मध्ये इंग्लंडमधील बन्सफिल्ड येथील तेलसाठ्याला प्रचंड आग लागली होती, त्या वेळी धूर फार वर गेल्यामुळे जमिनीलगतच्या मोजणीत प्रदूषण बहुतेक ठिकाणी कमीच आढळले. खरा त्रास पुष्कळदा पुढे सुरू होतो. पाणी मारल्यावर ढिगारा धुमसू लागतो, धुरातली उष्णता कमी होते आणि तो जमिनीलगत सरपटत घराघरांत शिरतो. आपल्याकडे हिवाळ्याच्या रात्री जमिनीजवळची हवा थंड आणि वरची हवा तुलनेने उबदार असते, त्यामुळे वस्तीवर झाकण ठेवल्यासारखा हा धूर सकाळी ऊन तापेपर्यंत तिथेच राहतो. बंब परत गेले की मोजणीचेही काम संपले, असे मानणे मला म्हणूनच धोक्याचे वाटते.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. निर्देशांकात आठच प्रदूषके धरलेली आहेत: पीएम १०, पीएम २.५, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. रहदारी, चुली, धूळ आणि कारखान्यांचे रोजचे धुराडे यांच्यासाठी ही निवड योग्य आहे. पण आगीत काय जळते, त्यावर धुरात काय असेल ते ठरते. वायरींचे आवरण किंवा पीव्हीसीचे पाइप जळाले तर हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, आणि डोळे व घसा चुरचुरण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. गाद्यांचा फोम जळाला तर हायड्रोजन सायनाइड तयार होऊ शकतो. टायर आणि रबर यांच्या धुरात गंधकाचे ऑक्साइड आणि काजळीला चिकटलेली कर्करोगकारक संयुगे असतात. रंग व थिनर यांच्या साठ्यातून बेंझिन, टोल्युइन यांसारख्या वाफा निघू शकतात. यांपैकी कितीतरी गोष्टी त्या आठांच्या यादीत नाहीत, म्हणजे त्यांचे प्रमाण कितीही वाढले तरी निर्देशांकावर त्याची थेट नोंद होणार नाही.

बेळगावलगतच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यांत फाउंड्रीपासून (धातूच्या ओतकामापासून) प्लॅस्टिकपर्यंत नाना प्रकारचे उद्योग आहेत, आणि जिल्हाभर साखर कारखाने आहेत. साखर कारखान्यातल्या बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, ढिगाला आग लागली तर तो दिवसच्या दिवस धुमसत सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो. रस शुद्ध करण्यासाठी साठवलेले गंधक पेटले तर काळा धूर फारसा दिसत नाही, पण सल्फर डायऑक्साइड मात्र छातीला घट्ट आवळतो. धूर किती काळा दिसतो यावरून तो किती विषारी आहे हे ठरवता येत नाही. म्हणून आगीच्या पहिल्या तासात ‘आत काय साठवले होते?’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे, कारण कोणते यंत्र आणायचे हे त्याच्या उत्तरावरून ठरते. कारखान्याचा मालक किंवा व्यवस्थापक ती यादी अग्निशमन दलाच्या हाती तत्काळ देत नसेल, तर तो केवळ आपली मालमत्ता वाचवत असतो, शेजाऱ्यांना नाही.

प्रश्न : शिनोळी परिसरातील कारखाने महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात आहेत आणि आमची शेती हद्दीच्या अलीकडे कर्नाटकात. उद्या तिकडे आग लागून धूर आमच्याकडे आला, तर हवा मोजण्याची जबाबदारी कोणाची? दोन्ही राज्ये एकमेकांकडे बोट दाखवतील अशी भीती वाटते. (एक शेतकरी, बाची परिसर)

उत्तर : भीती अनाठायी नाही, पण कायदा आपल्या बाजूने आहे. हवा प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायदा १९८१ चा आहे. त्याच्या कलम २३ नुसार अपघातामुळे मर्यादेबाहेर प्रदूषण झाले, किंवा होण्याची शक्यता दिसली, तरी त्या जागेच्या प्रमुखाने राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला तत्काळ कळवायचे असते, आणि मंडळाने उपाययोजना सुरू करायची असते. आग महाराष्ट्रात असेल तर जळणाऱ्या जागेवरील मोजणी आणि कारवाई महाराष्ट्र मंडळाची, म्हणजे व्यवहारात त्याच्या कोल्हापूर कार्यालयाची. धूर जिथे उतरतो त्या बेळगाव तालुक्यातील गावांची हवा मोजणे हे कर्नाटक मंडळाचे काम आहे, आणि मंडळाचे प्रादेशिक कार्यालय बेळगावातच आहे. आगीचे ठिकाण दुसऱ्या राज्यात आहे, हे आपल्या हद्दीतील हवा न मोजण्याचे कारण होऊ शकत नाही. राज्य मंडळांमध्ये समन्वय राखण्याची आणि त्यांच्यातील वाद सोडवण्याची जबाबदारी याच कायद्याच्या कलम १६ ने केंद्रीय मंडळावर टाकली आहे.

लोकांना सावध करणे, शाळा बंद ठेवणे, वस्ती हलवणे हे निर्णय जिल्हा प्रशासनाचे असतात. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचे प्रमुखपद जिल्हाधिकाऱ्यांकडे दिले आहे. ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त घातक रसायने साठवणाऱ्या कारखान्यांसाठी १९८९ च्या नियमांनुसार कारखान्याबाहेरच्या परिसराचाही आपत्कालीन आराखडा करावा लागतो, आणि १९९६ च्या नियमांनी जिल्हा व स्थानिक पातळीवर संकट गट नेमण्याची तरतूद केली. या सगळ्या रचनेत जिल्हा हा घटक धरलेला आहे. बाचीसारख्या गावाला उपयोग तेव्हा होईल, जेव्हा बेळगाव आणि कोल्हापूर या दोन जिल्ह्यांचे आराखडे एकमेकांना जोडलेले असतील: कोणी कोणाला फोन करायचा, कोणत्या गावांना आधी कळवायचे, फिरते मोजणी पथक कुठून निघायचे. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे शिनोळीहून बाची, तुरमुरी, उचगावकडे. थंडीत तो पुष्कळदा पूर्वेकडून वाहतो, आणि तेव्हा बेळगावचा धूर चंदगडच्या गावांकडे जाऊ शकतो. ही गरज दोन्ही बाजूंची आहे. ग्रामपंचायतीने तसा ठराव करून दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांना पाठवावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. आगीच्या वेळची सूचना कन्नडबरोबर मराठीतही दिली गेली पाहिजे. दारे-खिडक्या कधी लावायच्या आणि कधी उघडायच्या, हे रात्री दोन वाजता घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ऐकताक्षणी समजले पाहिजे. तिथे भाषेचा वाद आड येऊ देणे अन्यायाचे होईल.

प्रश्न : आमच्या शाळेने हवा मोजणारे एक छोटे यंत्र विकत घेतले आहे. त्यावर विश्वास ठेवावा का? कोणता आकडा आला की मुलांना मैदानावर सोडू नये? (एक शिक्षिका, खानापूर तालुका)

उत्तर : बाई, यंत्र घेतले हे उत्तम केले, त्याच्या मर्यादा मात्र मुलांनाही शिकवा. ही यंत्रे कणांवर प्रकाशाचा किरण टाकून तो किती विखुरतो त्यावरून अंदाज बांधतात. हवेत खूप ओल असली की कण पाणी शोषून फुगतात आणि यंत्र वाढीव आकडा दाखवते. खानापूरच्या पावसाळ्यात आणि धुक्याच्या सकाळी हे वारंवार घडेल. वायूंबद्दल तर बहुतेक छोटी यंत्रे काहीच सांगत नाहीत. त्यामुळे एखाद्या आकड्यावर वाद घालण्याऐवजी चढउतार पाहावा. एरवीच्या दिवसांत आपल्या शाळेत किती आकडा असतो, हे आधी काही आठवडे नोंदवून ठेवले असेल, तर आगीच्या दिवशीचा फरक ठळकपणे दिसतो आणि तो अधिकाऱ्यांनाही नाकारता येत नाही. यंत्र चुलीपासून आणि रस्त्यापासून दूर, माणसाच्या नाकाच्या उंचीवर ठेवावे. आकड्याशेजारी वेळ, वाऱ्याची दिशा, वास आणि किती मुलांना खोकला किंवा डोकेदुखी झाली, हेही लिहावे.

तासाभरासाठी आपल्याकडे पीएम २.५ चे सरकारी मानक नाही. माझे मत असे की सलग दोन तास आकडा १२० च्या वर राहिला तर खेळाचा तास बंद ठेवावा. निर्देशांकाच्या कोष्टकात २४ तासांच्या सरासरीसाठी ‘अत्यंत खराब’ हा वर्ग तिथेच सुरू होतो. डोळे चुरचुरत असतील किंवा उग्र वास येत असेल, तर आकडा कितीही कमी असो, मुलांना आत घ्यावे आणि धूर ज्या बाजूने येतो त्या बाजूच्या खोलीत न ठेवता त्याच्या विरुद्ध बाजूच्या खोलीत बसवावे.

प्रश्न : आगीनंतर आमच्या मेथी-कोथिंबिरीवर आणि वैरणीवर काळे फराटे पडले होते. विहीर उघडी आहे. माल बाजारात न्यावा का? (येळ्ळूर शिवारातील एक शेतकरी)

उत्तर : या प्रश्नाकडे सरकारी यंत्रणा फार उशिरा वळते. काजळीचा तो फराटा म्हणजे धुरातील पदार्थ जमिनीवर उतरल्याचा पुरावाच आहे. फ्रान्समधील रुआं शहरात २६ सप्टेंबर २०१९ रोजी रसायनांच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा एका जिल्ह्यातील ११२ गावांमधील दूध, भाजीपाला आणि पिके बाजारात आणण्यास प्रशासनाने मनाई केली, नमुने तपासले आणि निकाल आल्यावर ऑक्टोबरमध्ये ती मनाई उठवली. क्लोरीनयुक्त पदार्थ जळाल्यावर डायॉक्सिन नावाची संयुगे तयार होऊ शकतात. ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत, पण चरबीत साठतात. म्हणून अशा आगीनंतर पालेभाजीइतकेच लक्ष वैरणीकडे आणि दुधाकडे द्यावे लागते.

आपण पुढीलप्रमाणे करावे. पानांवर काजळी दिसत असलेली भाजी काढू नये आणि विकू नये. काही पाने, थोडी माती आणि थोडी वैरण वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत ठेवून त्यावर तारीख व सर्व्हे नंबर लिहावा, जागेचे फोटो काढावेत, आणि कृषी खात्याकडे व प्रदूषण मंडळाकडे अधिकृत नमुने घेण्याची लेखी मागणी करावी. आपण ठेवलेल्या पिशव्या न्यायालयात पुरावा म्हणून कितपत टिकतील हा वेगळा प्रश्न आहे, पण पाऊस पडून सगळे धुऊन जाण्याआधी काय होते ते त्या सांगू शकतात. जनावरांना साठवणीतली झाकलेली वैरण द्यावी. विहिरीवर ताडपत्री टाकावी, वर तरंगणारी काजळी काढावी आणि पाणी तपासून मिळेपर्यंत पिण्यासाठी दुसरी सोय करावी. आग विझवताना वापरलेले पाणी आणि फेस नाल्यात जातो, हेही विसरू नये. बळ्ळारी नाल्याच्या काठच्या शेतकऱ्यांनी आगीनंतरचे काही दिवस ते पाणी उपसून पिकाला देऊ नये. घरातली काजळी कोरड्या केरसुणीने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

प्रश्न : तोंडाला ओला रुमाल बांधला तर पुरेसे होते का? निपाणीत आमच्या घरामागे तंबाखूची वखार आहे. (एक वाचक, निपाणी)

उत्तर : ओल्या रुमालाने काजळीचे मोठे कण थोडे अडतात, सूक्ष्म कण अडत नाहीत. घट्ट बसणारा एन-९५ मास्क कणांसाठी चांगला, पण तो वायू अडवत नाही. तंबाखूच्या धुरात सूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड आणि निकोटीन असते. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि हृदयरोगी यांनी मास्कच्या भरवशावर घरी न राहता वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर जावे. डोकेदुखी, मळमळ किंवा गुंगी येत असेल तर ती कार्बन मोनॉक्साइडची लक्षणे असू शकतात. आणखी एक सूचना सर्व प्रकारच्या आगींसाठी आहे. नायट्रोजन डायऑक्साइडसारखे काही वायू आत गेल्यावर फुप्फुसांत पाणी होण्याची क्रिया काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही, सुरू होऊ शकते. धुरात सापडलेल्या माणसाला संध्याकाळी बरे वाटले, तरी पुढचे दोन दिवस त्याच्या श्वासावर लक्ष ठेवावे आणि धाप वाढली तर थेट रुग्णालय गाठावे.

प्रश्न : आग विझून महिना झाला. आता मोजून काय उपयोग? आणि जे मोजले असेल ते आम्हाला कोण दाखवणार? (एक डॉक्टर, बेळगाव)

उत्तर : डॉक्टर, त्या रात्रीची हवा आता मोजता येणार नाही, हे खरे आहे. पण आरोग्याची मोजणी संपलेली नाही, आणि तिची सुरुवात आपल्यासारख्यांच्या दवाखान्यातूनच होऊ शकते. ऑस्ट्रेलियातील मॉरवेल गावालगतची हेझलवूड कोळसा खाण २०१४ मध्ये पेटली आणि ४५ दिवस जळत राहिली. आगीला सर्वांत जवळच्या वस्तीत मोजणीची यंत्रे पोहोचायला उशीर झाला, हे पुढे चौकशी मंडळाने नोंदवले. मात्र त्यानंतर रहिवाशांच्या आरोग्याचा अनेक वर्षांचा अभ्यास हाती घेण्यात आला. कोचीच्या ब्रह्मपुरम कचरा डेपोला मार्च २०२३ मध्ये लागलेली आग जवळपास बारा दिवस चालली, त्या वेळी केरळच्या आरोग्य खात्याने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी पाहणी केली. बेळगावात तेवढेही अवघड नाही. आगीच्या आधीच्या आणि नंतरच्या दोन महिन्यांत दमा, धाप, डोळ्यांची जळजळ यांसाठी आलेल्या रुग्णांची संख्या, त्यांचे गाव आणि तारीख एवढी नोंद पाच-सहा दवाखान्यांनी एकत्र केली, तर धुराचा पट्टा कुठून गेला हे नकाशावर उमटू शकते. रुग्णाचे नाव त्यात घालण्याची गरज नाही.

सरकारी नोंदींसाठी माहिती अधिकाराचा अर्ज करावा. कायद्याने अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत स्वीकारला जातो. बेळगावात तो कन्नडमध्ये दिला तर नाकारण्याचे निमित्त उरत नाही, आणि सोबत मराठी प्रत जोडायला कोणाची हरकत असू नये. ‘हवा कशी होती?’ असे मोघम विचारू नये. कोणत्या तारखेला, कोणत्या वेळेत, कोणत्या जागी, कोणत्या यंत्राने, कोणते वायू मोजले, तासातासाचे मूळ आकडे काय आले, कलम २३ खालची सूचना कारखान्याकडून किती वाजता मिळाली आणि त्या वेळी कारखान्यात साठ्याची यादी काय होती, असे एकेक विचारावे. एरवी उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. माणसाच्या जिवाशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी लागते, म्हणून ढिगारा अजून धुमसत असेल तर अर्जात तसे स्पष्ट लिहावे. मोजणी झालीच नाही असे उत्तर आले, तरी ते लेखी घेऊन जपून ठेवावे. पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाकडे वाद नेण्याची मुदत सहा महिन्यांची आणि भरपाईच्या दाव्याची पाच वर्षांची आहे. कर्नाटकातील प्रकरण चेन्नईच्या पीठापुढे जाते, महाराष्ट्रातील पुण्याच्या. आपल्या अर्जावरची पोच आणि दवाखान्यांची एकत्रित नोंद या दोन्ही गोष्टी तिथे कामी येतील, तेव्हा महिना उलटला म्हणून थांबू नये, अर्ज याच आठवड्यात द्यावा.